खाच कोणाची

दर वर्षी जुलैत माझ्या पहिल्या तासाला मुलं टाळ्या वाजवतात. मी टेबलापुढे उभी राहते आणि म्हणते, "एकट्यानं केलेली एक तरी गोष्ट मला दाखवा." मुलं एकेक गोष्ट सांगतात, मी ती खोडून काढते, आणि शेवटी टाळ्या. तास संपल्यावर कुणीतरी येऊन म्हणतं, "मॅडम, भारी होतं." मी थँक यू म्हणते. ते वाक्य माझं नाही. ते खोडून काढणंही माझं नाही. दोन्ही निंबार्ते सरांची आहेत, आणि सर आज या कॉलेजात नाहीत ते माझ्यामुळे. टाळ्या वाजवणाऱ्यांना हे मी कधी सांगितलेलं नाही.

आमचं कॉलेज महामार्गाला लागून, भंडारा आणि साकोलीच्या मध्ये. एकाच आवारात इंजिनिअरिंग, शेतकी आणि कला-वाणिज्य अशी तीन कॉलेजं. कॅन्टीन तिघांचं एक, पण टेबलं वेगवेगळी, आणि आम्ही इंजिनिअरिंगवाले पंख्याखालची. निंबार्ते सर आम्हाला यंत्रशास्त्र शिकवायचे. नेमणूक हंगामी, दर वर्षी नव्यानं कागद निघायचा. तेवढ्या कच्च्या खुर्चीवर बसून या माणसानं तिन्ही प्राचार्यांच्या मागे लागून एक विषय सुरू करून घेतला होता. शेवटच्या वर्षाची तिन्हीकडची मुलं एकत्र करायची, गट पाडायचे, आणि वर्षभरात गावातल्या कुणाची तरी एक अडचण सोडवायची. कागदावर त्याचं नाव भलंमोठं, 'नवोपक्रम व आंतरविद्याशाखीय प्रकल्प'. मुलं त्याला खिचडी म्हणायची. सरही खिचडीच म्हणायचे.

सर दिसायला काही विशेष नव्हते. सावळे, काटक, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि त्या बाह्यांवर खडूची भुकटी. मंचावर बोलताना शुद्ध बोलत. मंचावरून उतरले की पायरीवरच आपल्या बोलीवर येत. एक खोड मात्र भारी. कुठलीही वस्तू हातात आली की आधी ती उलटी करून पाहायची आणि विचारायचं, "कोणाच्या हातचं आहे?" कॅन्टीनमध्ये भाजी चांगली झाली की ताट हातात घेऊन सरळ आत चुलीपाशी जायचे आणि तिथल्या बाईला सांगून यायचे. एकदा माझ्या बाबांनी दुकानातला पितळी तांब्या त्यांना भेट दिला. बाबांचं भंडाऱ्यात भांड्यांचं दुकान आहे. सरांनी तांब्या उलटा केला, बुडाशी बोट फिरवलं आणि बाबांना विचारलं, "हे ठोके कोणाचे?" बाबांना सांगता येईना. तीस वर्षं विकत होते, पण घडवणाऱ्याचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. बाबा ओशाळले आणि मला सरांचा राग आला. पाहुणचाराच्या वेळी असले प्रश्न विचारतात का?

पहिल्या तासाला मंचावरून उतरून त्यांनी तेच वाक्य टाकलं. "एकट्यानं केलेली एक गोष्ट मले दाखवा."

एक जण म्हणाला, "सर, मी बारावी एकट्यानं पास झालो."

"पेपर कोणी काढला? तपासला कोणी?"

शेतकीचा प्रणय मागून ओरडला, "झोप, सर! झोप तं एकटाच घेतो मी."

"मच्छरदानी कोण बांधून देते रे?"

"आई."

हॉलभर हशा. मग सर म्हणाले, "ज्याचं नाव तुमाले माहीत नाही, त्याच्या बाजूले जाऊन बसा. तोच तुमचा गट." अशा रीतीनं माझ्या वाट्याला प्रणय आला आणि कला शाखेची लता आली. लता मराठी घेऊन बीए करत होती. मी तिच्यासमोरच सरांना विचारलं, "सर, मशीनच्या कामात ही काय करणार? कविता?" लता खाली पाहू लागली. सर माझ्याकडे पाहून म्हणाले, "ते सहा महिन्यांनी तूच सांगजो." मी गटप्रमुख झाले. कुणी केलं नाही, मीच झाले.

आम्हाला गाव मिळालं लाखनीच्या पुढचं, तलावाच्या काठचं. तिथल्या शेतकरी बायका धान निघाल्यावर तलावातला शिंगाडा काढतात, उकडतात, सोलतात आणि महामार्गावर विकतात. शिंगाड्याला दोन बाजूंना दोन टोकदार शिंगं. विळीवर सोलताना ती बोटात शिरतात. सरांचा नियम असा की पहिल्या तीन फेऱ्यांत वही न्यायची नाही, फोन काढायचा नाही, नुसतं बायकांसोबत बसायचं आणि त्या करतील ते करायचं. मी अर्ध्या तासात कंटाळले. माझ्या डोक्यात रोलर फिरत होते. लता मात्र बसली, सोलत राहिली, बोलत राहिली. परतताना तिनं सांगितलं की सगळ्या बायका अंगठ्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळतात, फक्त गिरजाबाई गुंडाळत नाहीत. "का?" सरांनी विचारलं. "त्या शिंगाडा आधी फिरवतात, सर. शिंगं कुठं आहेत ते अंगठ्यानं पाहून मगच विळीवर नेतात." मी तिथंच बसले होते आणि मला यातलं काहीही दिसलं नव्हतं.

गिरजाबाई पन्नाशीच्या, बुटक्या, तोंडानं फटकळ. शाळा चौथीपर्यंत. सरांच्या पद्धतीत प्रत्येक गटात गावातलं एक माणूस हवंच असायचं; पाहुणा म्हणून नाही, गडी म्हणून. आमच्यात गिरजाबाई होत्या. दोन महिने खपून मी रोलरचं यंत्र केलं आणि ते तलावाच्या पाळीवर नेऊन दाखवलं. हॅन्डल फिरवलं, आणि पहिलाच शिंगाडा फटकन फुटून त्याचा गर सरांच्या चष्म्यावर जाऊन बसला. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. सरांनी चष्म्यावरचा गर बोटानं पुसला आणि तोंडात टाकला. "चव बरी आहे," ते म्हणाले. "शिरा कराचं यंत्र म्हणून चालन."

गिरजाबाई हसल्या नाहीत. त्या यंत्राभोवती दोनदा फिरल्या. "पोरी, तू त्याले दाबून कायले राहिली? त्याची शिंगं पकड ना. बैलाले धरतेत तसं."

पुढच्या खेपेला त्यांनी बाभळीच्या लाकडाचा ठोकळा पुढे ठेवला. त्यात एक खाच होती, अशी की शिंगाडा टाकला की दोन्ही शिंगं दोन बाजूंना अडकून बसायची. वर जुन्या विळ्याचं पातं, अडकित्त्यासारखं. एकदा दाबलं की दोन्ही शिंगं उडाली. शिंगाडा आडवा करून पुन्हा दाबलं की साल दोन फाकांत मोकळी. आम्ही तिघं बघत राहिलो. पुढे प्रणयनं गावातल्या बायकांकडून दिवसभर चाचण्या करून घेतल्या, मी पात्याला स्प्रिंग बसवली आणि त्याचं माप पक्कं केलं, लतानं वापरायची रीत बायकांच्या शब्दांत लिहिली. पण खाच गिरजाबाईंची होती. ती नसती तर आमच्याकडे शिऱ्याचंच यंत्र होतं.

सरांच्या खोलीत भिंतीवर प्रत्येक गटाचा तपकिरी कागदाचा एक ताव लावलेला असायचा. कामाला ज्याचा ज्याचा हात लागला त्यानं आपण काय केलं ते तिथं स्वतःच्या अक्षरात लिहायचं. चहा आणून देणाऱ्यानंसुद्धा. ताव भरल्याशिवाय प्रकल्प खोलीबाहेर जायचा नाही. गिरजाबाई एसटीनं कॉलेजात आल्या, चपला बाहेर काढून आत आल्या आणि मार्कर मुठीत धरून त्यांनी लिहिलं, 'खाच मी सांगतली. लाकूड घरच्यानं कापलं.' मग सरांनी मार्कर माझ्याकडे दिला. मी लिहिलं, 'मी स्प्रिंग बसवली.' सर तिथंच उभे. "आनि रोलर?" ते म्हणाले. मला खाली लिहावं लागलं, 'मी रोलर केला. तो चालला नाही.' प्रणय खिदळला. तेव्हापासून तो ताव मला नजरेसमोर नकोसा झाला. सर माझी फजिती भिंतीवर टांगून ठेवतात असं मी मैत्रिणींना सांगत सुटले.

मग नागपूरची मोठी स्पर्धा आली. फॉर्ममध्ये फक्त विद्यार्थ्यांची नावं चालणार होती. सर म्हणाले, "फॉर्मात नसन बसत तं मंचावरून सांगजो. पहिल्याच पानावर नाव टाक." मी हो म्हणाले. आणि सादरीकरणाची पानं मीच केली. गिरजाबाईंचा ठोकळा हातात घेतलेला सुंदर फोटो टाकला आणि त्याखाली लिहिलं, 'लाभार्थी महिला'. हे लिहिताना काही चुकतंय असं वाटलं नाही. उलट मला वाटलं, फोटो टाकलाय ना, आणखी काय पाहिजे. आज सगळ्यांत जास्त लाज मला त्या एका शब्दाची वाटते.

परीक्षकांतल्या एका बाईंनी ठोकळा हातात घेतला, उलटसुलट केला आणि विचारलं, "ही खाच फारच हुशारीची आहे. कुणाला सुचली?"

"मला," मी म्हणाले.

लता माझ्या शेजारी उभी होती. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. सर तिसऱ्या रांगेत होते, त्यांनी चष्मा काढला आणि तो पुसायला लागले. बराच वेळ पुसत राहिले. आम्हाला पहिलं पारितोषिक मिळालं, फोटो निघाले, आणि फोटोत सरही आहेत, कारण त्यांना ओढून नेलं. त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांचंच काहीतरी हरवलं असावं असं वाटतं.

परतताना भंडाऱ्याअलीकडच्या शहापूरला गाडी चहासाठी थांबली. सर मला बाजूला घेऊन गेले. मला वाटलं आता चांगली हजेरी घेणार. माझी उत्तरंही तयार होती. ते हळू आवाजात म्हणाले, "घाबरली असशीन. होते तसं. आठ दिवस देतो तुले. पत्र तू लिह स्पर्धावाल्यायले, का खाच गिरजाबाईची आहे. मी लिहिलं तं तुह्या नावाले बट्टा लागन. तू लिहिलं तं नाही लागत."

"सर, पुढच्या आठवड्यात कंपनी येतेय कॉलेजात. इंटरव्ह्यू आहेत."

"म्हनूनच म्हनून राहिलो. खोटं घेऊन नोको बसू तिथं."

मी आठ दिवस त्यांना टाळलं. जिन्यावर दिसले की वाट बदलली. इंटरव्ह्यूत मी खाचेबद्दल दहा मिनिटं बोलले आणि पुण्याची नोकरी मिळाली. नवव्या दिवशी सरांनी आयोजकांना स्वतः पत्र लिहिलं. तोवर गेटवर आमच्या फोटोचा फ्लेक्स लागला होता. आयोजकांनी कॉलेजला खुलासा मागितला आणि तेव्हाच्या प्राचार्यांनी मला बोलावलं. ते माझ्यावर मुळीच रागावले नाहीत. उलट खुर्ची दिली. "बेटा, कॉलेजच्या इज्जतीचा प्रश्न आहे," ते म्हणाले, "जे खरं असेल ते लिहून दे." आणि काय खरं असेल तर बरं, हेही त्यांनी सांगितलं.

मी तीन वाक्यं लिहिली. खाच मला सुचली. गिरजाबाईंनी फक्त वापरून पाहिलं. निंबार्ते सर सुरुवातीपासून माझ्यावर आकस ठेवून आहेत. प्रणयनं सही केली. लतानं कागद वाचून परत माझ्या हातात ठेवला. "मी नाही करत सही," ती म्हणाली, "आनि तूही नोको करू वो. अजून दिला नाहीस तू." मी दिला. शिपायाबरोबर सरांच्या खोलीत जाऊन तो तपकिरी तावही मीच भिंतीवरून उतरवला. सर तास घ्यायला गेले होते. नाहीतर माझी हिंमत झाली नसती. तावाची चौघडी करून तो मी रद्दीच्या पोत्यात घातला.

पारितोषिक आमच्याकडेच राहिलं. सरांचा पुढच्या वर्षीचा कागद निघाला नाही. शेवटच्या दिवशी ते खोलीतलं सामान सायकलला बांधत होते, तेव्हा मी ग्रंथालयाच्या खिडकीतून पाहिलं. कॅन्टीनच्या बाई त्यांना डबा देत होत्या. त्यांनी डबा उलटा केला नाही, एवढंच माझ्या लक्षात आलं. मी खाली गेले नाही.

पुण्याची नोकरी तीन वर्षांत सोडली. एमटेक केलं आणि फिरून याच कॉलेजात शिकवायला आले. खिचडीचा विषय पुन्हा सुरू करायचा होता. प्राचार्य नवे होते, ते म्हणाले, तुमच्याइतकं योग्य कोण, तुम्ही पारितोषिकवाल्या. चोराच्याच हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, त्या ह्या. मी विषय घेतला आणि सरांनी शिकवलेलं सरांच्याच क्रमानं शिकवू लागले. फक्त ताव लावला नाही. जागा नाही, असं कारण मी स्वतःला दिलं.

गेल्या हिवाळ्यात मी हजेरीपट द्यायला ऑफिसात गेले, तर बाबूंच्या टेबलासमोर सर उभे. केस पांढरे झालेले. लाखनीकडच्या एका ज्युनिअर कॉलेजात तासिकेवर शिकवतात हे मला ठाऊक होतं. एका सरकारी कॉलेजात त्यांची कायमच्या जागेसाठी मुलाखत होती आणि इथल्या पाच वर्षांचं अनुभव प्रमाणपत्र हवं होतं. बाबू फाइल उघडून म्हणत होते, "सर, यात शेरा आहे ना. विद्यार्थ्यांशी आकस. हा शेरा आहे तोवर प्रमाणपत्र नाही निघत. ज्यानं तक्रार केली त्यानं लेखी मागं घेतली तं होते." बाबू नवे होते. तक्रार करणारी दारात उभी आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

सरांनी मला पाहिलं. "नमस्कार, मॅडम," ते म्हणाले. "तुम्ही खिचडी चालू केली म्हणतेत. चांगलं केलं." आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. मी म्हणाले, "सर, मी बघते ते. दोन दिवसांत करते." ते मान हलवून गेले.

दोन दिवसांत मी काही केलं नाही. त्याच महिन्यात माझ्या कायम नेमणुकीचा प्रस्ताव संस्थेपुढे होता. विद्यार्थिनी असताना मी खोटं लिहून दिलं, असं आत्ताच लिहून द्यायचं? मी चार वेळा अर्ज लिहिला आणि चारही वेळा ड्रॉवरमध्ये ठेवला. तीन आठवड्यांनी माझी ऑर्डर हातात पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अर्ज दिला. त्यात सगळं लिहिलं होतं, खाच कोणाची तेसुद्धा. प्राचार्यांनी तो वरवर वाचला, हसले आणि म्हणाले, "जुनी गोष्ट आहे, मॅडम. लहानपणी होतं असं." शेरा दहा मिनिटांत निघाला. इतकी वर्षं मी ज्याला घाबरत होते, ते एवढंच होतं. मला कुणी रागावलंसुद्धा नाही.

प्रमाणपत्र घेऊन मी स्वतः सरांच्या घरी गेले. लाखनीपासून आत, एका गावाच्या कडेला घर. सर परसात दोडक्याच्या मांडवाला सुतळी बांधत होते. हात पुसून त्यांनी कागद घेतला, लांब धरून शेवटपर्यंत वाचला.

"मुलाखत झाली मागच्या सोमवारी," ते म्हणाले.

"सर, मला उशीर झाला."

"हो, झाला." ते म्हणाले. "मले राग आला होता तुह्या, खोटं काहून बोलू. दोन वर्षं लय राग होता. मंग कमी झाला." कागदाची घडी घालून त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवली. "अर्जात खाच कोणाची ते लिहिलं का?"

"लिहिलं, सर."

"आनि गिरजाबाईले सांगितलं?"

बाकी सगळ्याची उत्तरं मी गाडीत पाठ करत आले होते. हा प्रश्न त्यात नव्हता. या सगळ्या वर्षांत मी गिरजाबाईंच्या गावात एकदाही गेले नव्हते. बाईला कुणी काही सांगितलं की नाही, तिनं आपला फोटो कुठं पाहिला की नाही, मला काहीच माहीत नव्हतं.

"मले माफी मागून काय होते बाई," सर म्हणाले. "माही नोकरी गेली, तासिकेची दुसरी भेटली. तिचं तं तू नावच नेलं. जा तिकडं. फाटकातून डाव्या हाताले वळली का दहा मिनिटं. घरीच असते आता, गुडघे धरलेत तिचे."

"जाते, सर."

"आताच जाजो."

"हो सर, आताच."

ते फाटकापर्यंत आले आणि त्यांनी फाटक माझ्यासाठी पूर्ण उघडून धरलं. मी गाडी बाहेर काढली. डावीकडे तलावाच्या पाळीवरून जाणारा कच्चा रस्ता, उजवीकडे लाखनी आणि महामार्ग. साडेचारला कॉलेजात माझ्या मुलांची सादरीकरणं होती. ते खोटं नव्हतं. मी उजवीकडे वळले. आरशात पाहिलं तर सर फाटक धरून तसेच उभे होते. रस्ता सरळ होता, त्यामुळे ते बराच वेळ दिसत राहिले.